ऐकण्याचे सातशे

मार्चमध्ये हेराल्डला रंग दिला, बाटलीसारखा हिरवा.
टाकीचं गंजकं झाकण फेकून
क्रोमचं नवं बसवलं, तोंड दिसेल असं.

एप्रिलपासून गिरणारेच्या अलीकडे,
बरोबर त्याच वळणाशी
ती दोनदा खोकायची आणि गप्प व्हायची,
भरल्या ताटावरून कुणी उठून जावं तशी.
वीस मिनिटं बॉनेट उघडून मी उभा.
मग किल्ली फिरवली की चालू,
जसं काही झालंच नव्हतं.

सल्ले फुकट होते.
मेहुणा म्हणाला कॉइल. कॉइल बदलली.
पंपावरचा पोरगा म्हणाला पेट्रोलात पाणी. टाकी धुतली.
दुसाने सरांनी कार्बोरेटरवर बोट ठेवलं,
त्याचं किट पुण्याहून आलं, तीन आठवड्यांनी.
बायकोनं एकूण आकडा बोलून दाखवला नाही,
फ्रीजवर चिकटवला :
अकरा हजार चारशे.

शरणपूरला, चर्चमागच्या गल्लीत, सायमन बोर्डे.
गॅरेज बंद करून बारा वर्षं झालेली.
फोनवर म्हणाले, 'पाना धरत नाही आता, हात कापतो.
ऐकतो फक्त. ऐकण्याचे सातशे.
सुधारली तरी सातशे, नाही सुधारली तरी.'

मी फोन ठेवला.
नुसतं ऐकण्याचे?

आणि मी कोण, तर द्राक्षांचा सल्लागार.
दिंडोरी, ओझर, पिंपळगाव, प्लॉटमागे आठशे.
गेल्या साली मोहाडीचा एक बागाईतदार म्हणाला होता,
'पानच तर उलटं केलं साहेब, त्याचे आठशे?'
ते वाक्य मी घरी तीन दिवस चघळत होतो.

पुन्हा फोन लावला.

ते शेजारी बसले, गुडघ्यांत काठी, डोळे मिटून.
आनंदवल्लीपाशी मी सुरू केलं, कॉइल बदलली, किट…
त्यांनी एक बोट वर केलं.
'काय बदललं ते नको.
शेवटची नीट कधी चालली?'
मार्चमध्ये.
'मग मार्चमध्ये काय केलंत?'
रंग, म्हणालो. एवढंच.
आणि खरंच मला एवढंच आठवत होतं.

वळणाशी ती खोकली. थांबली.
मी बॉनेटकडे धावलो.
ते काठी टेकत मागे गेले,
झाकणावर तळवा ठेवला, कापणाराच,
आणि फिरवलं.

टाकीनं श्वास घेतला.
दुसरा शब्द नाही माझ्याकडे.
बुडता बुडता वर आलेला माणूस घेतो
तसा, लांब, आत ओढलेला.

'पेट्रोल बाहेर जायचं
तर वारा आत यायला नको?
जुन्या झाकणाला भोक होतं.
तुम्हाला गंज दिसला.'

दाराशी त्यांनी जुनं पावतीपुस्तक काढलं,
कार्बन कागद नीट सरकवला :
ऐकण्याचे – ७००.
झाकणास भोक पाडणे – गिऱ्हाईकाने स्वतः.

नोटा मोजताना वर पाहिलं.
फाटकावर द्राक्षाचा एकच वेल, जुना,
पानांवर तेलकट पिवळे डाग.
सवयीनं एक पान उलटं केलं :
खाली पांढरी बुरशी. आठवडाभरात घड जातील.
त्यांनी विचारलं नाही.
मी सांगितलं नाही.
तो मान होता की कंजूषपणा,
हे मी कॉलेज रोडच्या सिग्नलपर्यंत ठरवत होतो,
झाकण सैल, गाडीभर पेट्रोलचा वास.

सकाळी साडेसातला फोन.
'काल पान उलटं करून पाहिलंत.
काय घेता?'

मी आकडा सांगितला.
पलीकडे बराच वेळ काहीच नाही,
फक्त कुठेतरी भांडं घासल्याचा आवाज.
मग म्हणाले,
'या.'